मोठ्या भावाचा होकार

सदानंदने डिझेलमध्ये बुडवलेला बोळा नखांवरून फिरवला आणि बोटं उजेडात धरून पाहिली. नावेला आदल्या दिवशी लावलेला निळा रंग बोटांवरून उतरला होता. नखांच्या कडा सोडायला मात्र तो तयार नव्हता.

"मेंदी काढायला बसलात काय?" डहाणूच्या बाजाराला न्यायचे सुके बोंबील टोपलीत रचत त्याची बायको हंसा म्हणाली.

"शाळेत जायचं तर हात बरे नकोत?"

"हात बघायला नाय बोलावलं. तुमाला बोलावलंय."

हीच तर अडचण होती. शाळेच्या ग्रुपवर बाईंचा निरोप आला होता: या वेळच्या पालकसभेला वडिलांनी स्वतः यावं, सध्या मासेमारी बंद आहे आणि नावा किनाऱ्याला आहेत, तेव्हा सबब चालणार नाही. शेवटी एक हसरा चेहरा होता. सदानंदने तो चेहरा दोनदा निरखून पाहिला होता. हसणारा माणूस सबब चालणार नाही असं म्हणतो, तेव्हा प्रकरण गंभीर असतं, असा त्याचा व्यापाऱ्यांच्या बाबतीतला अनुभव होता.

आजवर शाळेतून बोलावणं आलं की चिमण जायचा. चिमण त्यांचा शेजारी. पूर्वी सदानंदच्याच नावेवर खलाशी होता. विंचच्या दोरात पाय सापडला, डावा पाय लंगडा झाला आणि समुद्र सुटला. तेव्हापासून तो किनाऱ्यावर बसून जाळी शिवायचा. नावा बाहेर गेल्या की मागे उरलेल्या घरांतलं पुरुषाने करायचं ते सगळं चिमणच्या गळ्यात पडायचं. कुणाचा गॅस आणायचा, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या घरी मयत झाली तर पुढे उभं राहायचं. आपल्या धाकट्या डहाणूत पुरुष एकच, बाकीचे पाहुणे, असं बायका म्हणायच्या, आणि हे म्हणताना नवऱ्यांकडे बघायला विसरायच्या नाहीत.

सकाळी शाळेला निघताना क्रांती आरशात बघून वेणी घालत होती. आरशातच बघत ती म्हणाली होती, "पप्पा, तुमी नका येऊ हां. चिमणकाका जातात तेच बरं."

तेव्हापासून सदानंदची नजर आपल्या नखांवर होती.

"तिकडं जाऊन करायचं काय पण?" त्याने आता हंसाला विचारलं.

"बसायचं. बाई बोलतील ते ऐकायचं. मधे मधे मान हलवायची."

"ते तर मी घरी पण करतो."

"मग सराव हाय की!" हंसाने टोपली डोक्यावर घेतली. "जा बघू. दहावीचं वर्ष हाय पोरीचं. आणि छत्री विसरू नका तिकडं."

सदानंदला शाळेचा राग नव्हता. उलट शाळेवर त्याचा एवढा विश्वास होता की तो तिकडे कधी फिरकलाच नव्हता. तो बारा वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला एका म्हाताऱ्या तांडेलाच्या नावेवर सोडलं. नावेवर तांडेल बोलेल तो कायदा. बापाने जाताना तांडेलाच्या पायाला हात लावला आणि हंगाम संपेपर्यंत पोरगा कसा आहे, काय शिकला, एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर तांडेलाने दुसऱ्या दिवशी पोराला घरी पाठवला असता. विचारणं म्हणजे भरवसा नसणं. क्रांतीला पहिलीत घातलं तेव्हा सदानंदनेही तेच केलं. बाईंना हात जोडले आणि वळून चालू लागला, तो अजून वळलेलाच होता. त्याच्या जमेला पंधरा वर्षांचं बापपण होतं आणि त्यातलं फारसं खर्ची पडलेलं नव्हतं, हे त्याला कुणी दाखवून दिलं असतं, तर तो म्हणाला असता, मग चांगलंच की.

शाळा खाडीकडच्या रस्त्याला होती. शनिवार, म्हणून पोरं लवकर सुटून मैदानात हुंदडत होती, आणि व्हरांड्यात बाप उभे होते. सगळे त्याच्याच ओळखीचे. सगळ्यांनी लग्नाला घालायचे शर्ट घातले होते. एका नावेवरून दुसऱ्या नावेवर वाऱ्याच्या वरताण ओरडणारी ही माणसं इथे कुजबुजत होती आणि दारातून कोणी आधी आत जायचं यावर एकमेकांना मान देत होती. सदानंदने छत्री झटकण्यात बराच वेळ काढला. शेवटी दारात तो एकटाच उरला.

"या, या," दहावीच्या शितलबाई म्हणाल्या. त्या दोन वर्षांपूर्वी या शाळेत आल्या होत्या, तलासरीहून रोज एसटीने यायच्या, वयाने लहानच होत्या, पण आवाज असा की मैदानातलं पोर वर्गात यावं. "आपण कुणाचे?"

"मी क्रांतीचा…"

"क्रांतीचे वडील केव्हाच आलेत. ते काय, पहिल्या बाकावर. त्यांची ठरलेली जागा आहे ती." बाईंनी सदानंदकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्यांचे भाऊ ना? चेहऱ्यात साम्य आहे."

साम्य! चिमण सुक्या बोंबलासारखा आणि सदानंद घोळ माशासारखा जाडजूड. पण साम्य शोधायला सदानंदला सवड नव्हती. पहिल्या बाकावर चिमण बसला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन लावून. त्याने वळून पाहिलं, सदानंदला पाहिलं, आणि त्याचा हात खिशाच्या पेनावर गेला, जसं काही ते पेन चोरीचं होतं.

बंदरावर एक रीत आहे. व्यापाऱ्यापुढे आपल्या माणसाने एक गोष्ट सांगितली की दुसऱ्याने ती खोडायची नाही. खरी असो, खोटी असो. भांडायचं ते मग घरी भांडायचं, वाटलं तर आठवडाभर भांडायचं. परक्यासमोर शब्द फुटता कामा नये. ही रीत सदानंदच्या अंगात इतकी मुरली होती की डोकं विचार करायच्या आत जीभ बोलून गेली.

"हो. मोठा भाऊ."

"अस्सं! तेच का तुम्ही मोठे भाऊ!" बाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं आलात. सभा झाल्यावर थांबा हं, तुमच्याशीच बोलायचंय."

तेच म्हणजे कोण, हे सदानंदला कळलं नाही. तो शेवटच्या बाकावर गेला आणि गुडघे कसेबसे आत घातले. बाकावर आधीच नविन बसला होता. नविनचा मुलगा क्रांतीच्याच वर्गात. त्याने दाराशी झालेलं बोलणं ऐकलं होतं, आणि ऐकल्यापासून त्याचा जबडा बंद होत नव्हता.

"सदा," तो कानाशी येऊन म्हणाला, "तू कोण मग?"

"गप बस."

सभा सुरू झाली. बाईंनी आधी परीक्षेचं सांगितलं, मग मोबाइलचं, आणि मग हातातला कागद टेबलावर ठेवून दिला.

"माझे वडील मजुरीला जायचे," त्या म्हणाल्या. "आमच्या पाड्यापासून आश्रमशाळा लांब. मला तिथे सोडून गेले ते एकदम दिवाळीला आले. आले ते फाटकाशी चपला काढून उभे राहिले. आत आले नाहीत. शिपाई या म्हणाला तरी नाही. बाईंना काही विचारलं नाही, मलाही काही विचारलं नाही. मी खूप वर्षं धरून चालले होते, की माझ्या शिकण्याशी यांना काही देणंघेणं नाही."

वर्गातल्या बापांनी माना हलवल्या. त्यांच्या मते ती मान हलवायची जागा होती. सदानंदने हलवली नाही. तो गोंधळून गेला होता. बाई ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत होत्या की काय? चपला काढून उभा राहिला म्हणजे तो माणूस शाळेला देऊळ समजत होता. विचारलं नाही म्हणजे पूर्ण भरवसा ठेवला होता. त्याहून बापाने आणखी काय करायचं? आणि तरी लेकीने एवढी वर्षं मनात हे ठेवलं. सदानंदने बाकाखाली पाहिलं. चपला त्यानेही बाहेरच काढल्या होत्या.

"म्हणून सांगते, विचारा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय विचारणार? आता हे बघा, क्रांतीचे वडील."

वर्गातली कुजबुज थांबली.

"हे काय करतात माहितीये? जाळं शिवायला बसतात, तेव्हा क्रांतीला शेजारी बसवतात. म्हणतात, आज काय शिकवलं ते मला शिकव. ती शिकवते. हे म्हणतात, कळलं नाही, परत सांग. ती परत सांगते. मग म्हणतात, अजून नाही कळलं. गेल्या वर्षी सहामाहीला विज्ञानात काठावर होती ही मुलगी. वार्षिकला वर्गात पहिली. आणि यांनी काय केलं? नुसतं कळलं नाही म्हटलं!"

चिमणची मान एवढी खाली गेली होती की मागून फक्त कॉलर दिसत होती. वर्गभर बसलेल्या बापांतल्या प्रत्येकाला क्रांतीचा बाप कोण ते ठाऊक होतं. काहींनी तर तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेल्या. एकानेही तोंड उघडलं नाही. एकानेही मागे वळून पाहिलं नाही, आणि न बघण्यासाठी माना इतक्या ताठ धरल्या होत्या की बघितलं असतं तर बरं, असं सदानंदला वाटलं. नविनला मध्येच खोकला आला. तो त्याने दोन्ही हातांनी तोंडात परत घातला.

"टाळ्या वाजवा की," बाई म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या. सदानंदनेही वाजवल्या. वाजवताना नखांच्या कडेचा निळा रंग त्याला दिसला, पण आता तो कुणी बघेल याची भीती राहिली नव्हती. काकाची नखं कोण बघतो?

सभा संपून बाकीचे पांगले. जाताना प्रत्येकाने चिमणच्या खांद्यावर हात ठेवला आणि सदानंदकडे छताची गळती बघावी तसं पाहिलं. बाई क्रांतीला बोलवायला मैदानाकडे गेल्या. वर्गात दोघंच उरले, एक पहिल्या बाकावर, एक शेवटच्या.

"मी सांगितलं नव्हतं रे," चिमण पुढे बघतच म्हणाला. "पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, क्रांतीचे वडील ना, बसा. मी बसलो. पाय दुखत होता."

"आणि मग?"

"मग उठायचं राहून गेलं."

"दोन वर्षं?"

"मला वाटलं पोरगी सांगेल. तिला वाटलं मी सांगेन. आणि बाई दर वेळी विचारतात रे, बाबा कसे आहात, पाय काय म्हणतो. इतक्या वर्षांत मला कोण विचारतं?" चिमणने पेन खिशातून काढून बाकावर ठेवलं, पुन्हा खिशाला लावलं. "तू येणार नाय म्हणून पोरगी सांगून गेली सकाळी. नायतर मी आलो नसतो."

सदानंदला खरं तर रागवायचं होतं. राग कुठून सुरू करायचा ते सापडेना. चिमणने त्याचं काय घेतलं होतं? जी जागा तो कधी बसायला आलाच नाही, ती. क्रांतीने सकाळी नको म्हटलं ते नखांमुळे नव्हे, एवढं आता उलगडलं होतं. पण उलगडून बरं वाटावं की वाईट, तेही त्याला ठरवता येईना.

"आणि हा मोठा भाऊ कोण?"

"तूच." चिमण आता वळला. "डिसेंबरात बाईंनी विचारलं, दहावीनंतर हिला डिप्लोमाला घालाल का, ठाण्याला, वसतिगृहात. आता मी कोण हो म्हणणारा? म्हटलं, आमचा मोठा भाऊ समुद्रावर हाय. घरातलं सगळं त्याच्या शब्दावर. त्याला विचारून सांगतो."

"मग विचारलं का नाय?"

"विचारणार कसा? ते विचारायचं म्हणजे आधी हे सांगायला लागलं असतं."

व्हरांड्यात पावलं वाजली. बाई आत आल्या, मागून क्रांती. दारात तिने दोघांना पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली. वेणीची रिबन तिने बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"क्रांती, हे मोठे काका आलेत," बाई म्हणाल्या. "बाबांनी सांगितलंय, यांच्या शब्दाशिवाय काही नाही. तेव्हा तुला काय करायचंय ते तूच सांग यांना."

बाई खुर्चीत बसून वह्या तपासू लागल्या. पहिल्या बाकाने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. सदानंदला घरी असताना मुलीने काही विचारलं की तो म्हणायचा, आईला विचार. हे इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की कधीतरी तिने विचारणंच सोडलं, आणि त्याला वाटलं होतं, मुलगी समंजस झाली. आता आईला विचार म्हणायची सोय नव्हती. तो काका होता.

"कसला डिप्लोमा?" त्याने विचारलं.

"मेकॅनिकल."

"म्हणजे?"

"मशीन. इंजिन." ती बाकाकडे एक पाऊल आली. "वाड्यामागं ते जुनं इंजिन पडलंय ना, ते मी आणि…" तिने चिमणकडे पाहिलं, आणि कुणाचंही नाव न घेता पुढे गेली. "ते मी उघडलं. सगळं काढलं, परत लावलं. एक बोल्ट उरला."

"कुठला उरला?"

"तेच तर कळत नाय! म्हणून शिकायचंय."

चिमणच्या तोंडून हसू फुटलं. सदानंद हसला नाही. कुठला बोल्ट उरला असेल याचा तो खरंच विचार करत होता. क्रांती मात्र सुटली. बोलू लागली. तीन वर्षं, मग नोकरी करता येते किंवा पुढे इंजिनिअर होता येतं. मुलींचं वसतिगृह आहे, बाईंनी स्वतः जाऊन पाहिलंय. इंजेक्टर खराब झाला की डिझेल नीट जळत नाही, म्हणून काळा धूर येतो, हे पुस्तकात आहे.

"त्याला नोझल म्हणतात," सदानंद म्हणाला.

"पुस्तकात इंजेक्टर."

"नावेवर नोझल."

"बरं, नोझल. तुमच्या नावेचा धूर काळाच असतो. नोझल बदला."

आपल्या नावेचा धूर ही पोरगी कधी बघते, हे त्याला माहीत नव्हतं. किनाऱ्यावरून बघत असणार, नाव निघून जाताना. ती बोलत राहिली, हात हलवत, घरात कधी बोलायची नाही इतकं, आणि त्या सगळ्या बोलण्यात तिने त्याला ना पप्पा म्हटलं, ना काका. सदानंद ऐकत होता. त्यातलं अर्धं त्याला समजलं आणि उरलेलं अर्धं डोक्यावरून गेलं. मुलगी अशी बोलते हे आपल्याला ठाऊक नव्हतं, की ती परक्या माणसाशीच अशी बोलते, हा गुंता त्यात आणखी पडला.

ती थांबली. बाईंनी वहीतून डोकं वर काढलं.

"मग, मोठे भाऊ? काय म्हणणं आहे तुमचं?"

"माझं काही नाय," सदानंद म्हणाला. "पोरीला पाहिजे तर पाहिजे."

"तुमची हरकत नाही, एवढं मी समजते. पण होकार वडिलांनी द्यायचा असतो." बाई बोलत होत्या खिडकीकडे बघत, जसं काही वडील मैदानात उभे होते. "तो मला ऐकायचाय."

सांगायचं तर हाच क्षण होता. सदानंदला तो कळलाही. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, सोपं, लहान मुलाला येईल असं. पण तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या चिमणचे खांदे त्याला दिसले. इस्त्रीच्या शर्टाच्या आत ते असे आकसले होते जसे नावेत लाट येताना माणूस आकसतो. सदानंद उठला, बाकांच्या मधून पुढे आला आणि चिमणच्या शेजारी उभा राहिला.

"सांग रे बाईंना," तो म्हणाला. "हो म्हणून सांग."

चिमणने वर पाहिलं.

"हो," तो बाईंना म्हणाला. "आमचा हो हाय."

"छान," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मिटलेली वही उघडून पुन्हा मिटली. "आता दर महिन्याला या. दोघंही या."

बाहेर पाऊस उघडला होता. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून दोघे मैदानातून निघाले. चिखल टाळत, एकमेकांशी न बोलता; बोलायचं ते घरी बोलायचं होतं, आणि ते आठवडाभर पुरणार होतं. मैदान निम्मं ओलांडलं असेल तोच मागून क्रांतीची हाक आली, चांगली खणखणीत, व्हरांड्यातल्या बाईंनाही ऐकू जावी अशी.

"पप्पा, थांबा!"

सदानंद थांबला, पण वळला नाही. आधी चिमण वळतो का, ते त्याने पाहिलं. चिमण न थांबता फाटकाकडे निघाला होता आणि, पाय लंगडा असून, आज भलताच भरभर चालत होता.